सोन्या परगावी जेवतो का?

वाचकाचं पत्र:

"काकू, आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो. घरात मी, मिस्टर, नववीतला मुलगा, सासूबाई आणि सोन्या. सोन्या म्हणजे आमचा दोन वर्षांचा पिवळा लॅब्रॅडॉर. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी सांगितलं होतं की याच्या घराण्यात चॅम्पियन आहेत, तेव्हापासून मिस्टरांना डॉग शोचं वेड लागलंय. मागच्या हिवाळ्यात शहरातल्याच एका शोला नेलं. जजनी तोंडाला हात लावल्याबरोबर सोन्या खाली बसला आणि थरथरायला लागला. नंबर आला नाही. मिस्टर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. इकडे मुलाने मोबाइलवर अ‍ॅजिलिटी (म्हणजे कुत्र्यांची अडथळे पार करायची शर्यत) पाहून गच्चीवर पीव्हीसी पाइपांचे अडथळे मांडलेत आणि सोन्या त्यांवरून उड्या मारतो तेव्हा खुशीत असतो. आता मिस्टरांना त्याला पुण्याच्या शोला न्यायचंय, मुलाला अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेला. सोन्याला तर गाडी लागते, बुटीबोरी येईपर्यंत दोन उलट्या होतात. डॉक्टर नसबंदी करून घ्या म्हणतात, मिस्टर थांबा म्हणतात. सासूबाई म्हणतात, ‘मुक्या जनावराले कायले वणवण फिरवता?’ मला खरंच झोप लागत नाही. आमच्या हौसेपायी आम्ही त्याला छळतोय का?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले. त्यांचा प्रश्न खरा आहे, उडवून लावू नका. पण त्याचं उत्तर दिवाणखान्यात बसून देता येत नाही. ते सोन्याला विचारावं लागतं, आणि तो उत्तर देतो. कसं, ते सांगते.

कुत्र्याला परगावी नेलं, परक्या खोलीत उतरलो, आणि पहिल्या संध्याकाळी तो आपलं रोजचं जेवण जेवला, पाणी प्यायला, बाहेर नेल्यावर शी-शू केली आणि रात्री पाय ताणून झोपला, तर तो स्पर्धेला तयार आहे. वाटी हुंगून बाजूला झाला, दाराकडे तोंड करून रात्रभर धापा टाकत बसला, तर दुसऱ्या दिवशी त्याला रिंगणात उभं करायचं नाही. प्रवेश फी बुडाली तरी चालेल. इतक्या वर्षांत मला याहून खात्रीची खूण सापडलेली नाही. त्यातून तुमचा लॅब्रॅडॉर. लॅब्रॅडॉरने जेवण नाकारणं म्हणजे माणसाने ओरडून सांगण्यासारखं आहे.

आता जरा हिशेब करू. शोमध्ये जज एकेका कुत्र्याला देऊन देऊन दोन-तीन मिनिटं देतात. अ‍ॅजिलिटीत चांगला कुत्रा मिनिटभरात सगळे अडथळे पार करतो. आणि नागपूर ते पुणे? सातशे किलोमीटरच्या आसपास. कुत्र्याला घेऊन थांबत थांबत गेलात तर सकाळी निघून रात्र होते. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, मधल्या रात्री लॉजच्या खोलीत, आणि एक अख्खा दिवस शेकडो अनोळखी कुत्र्यांच्या भुंकण्यात. आपण सराव करून घेतो तो त्या दोन मिनिटांचा. सोन्याला सराव हवाय तो उरलेल्या तीन दिवसांचा, आणि तो कुणीच करून घेतलेला नाही. तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. शो की अ‍ॅजिलिटी हा प्रश्न त्यानंतरचा.

मिस्टरांना माझा निरोप सांगा की सोन्या हरला नाही, घाबरला. शोमध्ये प्रत्येक जातीचं एक लिखित मानक असतं आणि जज समोरच्या कुत्र्याला त्या मानकाशी ताडून पाहतात. लॅब्रॅडॉर नर असेल तर खांद्यापाशी उंची ५६-५७ सेंटीमीटर, अंगावर दुहेरी थराचे, पाणी न शिरणारे केस, शेपटी पाणमांजरासारखी मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती, वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले, दोन्ही वृषणं खाली उतरलेली. हे सगळं बघायचं तर हात लावावाच लागतो. ओठ उचलून दात बघतात, पाठीवरून, मांडीवरून हात फिरवतात, मग दुडक्या चालीने पळवून पाय सरळ पडतात का ते पाहतात. ज्या कुत्र्याच्या तोंडाला घरच्यांखेरीज कुणी कधी हात लावला नाही, त्याला गोंगाटात एक अनोळखी माणूस येऊन जबडा उघडतो तेव्हा काय वाटत असेल? सोन्या चावला नाही, गुरगुरला नाही, नुसता बसला. मला तर त्याच्या स्वभावाचं कौतुक वाटलं.

हे शिकवता येतं, आणि ते अगदी घरच्या घरी. त्याची हनुवटी तळहातावर घ्या. दुसऱ्या हाताने ओठ उचला, मनात ‘एक’ म्हणा, सोडा, खाऊ द्या. दिवसातून पाच-सहा वेळा, बस. आठवड्याने ‘एक, दोन’. तो स्वतःहून हनुवटी हातावर आणून ठेवायला लागला की मगच पुढची पायरी. मग हेच शेजारच्या वहिनींनी करायचं, दूध टाकणाऱ्या दादांनी करायचं, टोपी घातलेल्या, गॉगल लावलेल्या, दाढीवाल्या, काठी घेतलेल्या माणसांनी करायचं. तीन महिन्यांत तीस माणसं झाली पाहिजेत. मिस्टरांचा उत्साह इथे कामाला लावा. दोरी हातात घेतलेल्या माणसाचा हात आखडला की कुत्र्याला ते दोरीतून लगेच कळतं, त्यामुळे त्यांनाही स्वतःचा सराव करावा लागेल.

कागदांचं थोडक्यात सांगते. केनेल क्लब ऑफ इंडियाची, म्हणजे चेन्नईच्या मुख्य संस्थेची नोंदणी तुमच्याकडे असेल तर प्रमाणपत्रावरचा पंधरा आकडी मायक्रोचिप नंबर आणि सोन्याच्या कातडीखालची चिप डॉक्टरांकडे स्कॅन करून एकदा ताडून घ्या. घराण्यातले चॅम्पियन असतील तर ते वंशावळीच्या कागदावर दिसतील. तोंडी सांगितलेली वंशावळ प्रवेशाच्या टेबलावर चालत नाही, आणि कागद नसेल तर पुण्याचा बेत तिथेच थांबतो. प्रवेशिका शोच्या बऱ्याच दिवस आधी बंद होतात हेही लक्षात असू द्या.

आणि एक आधीच सांगायला हवं होतं. पुढचा शो तुम्ही सगळे सोन्याला घरी ठेवून बघा. सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत बसा. कोणती कुत्री पिंजऱ्यात निवांत झोपली आहेत आणि कोणती सतत दोरी ताणतायत, त्यांचे मालक काय करतायत, पाणी कुठून आणतायत, हे पाहा. मुलाला भारतीय जातींचं रिंगण आवर्जून दाखवा. आपल्या लातूरकडचा कारवान, कर्नाटकातला मुधोळ, तमिळनाडूचा राजपालयम. टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आणि राजपालयम होते. कारवान धावताना एकदा पाहिला की मुलगा ते विसरणार नाही.

आता मुलाबद्दल. मला तुमच्या पत्रात सगळ्यात आवडलं ते हेच, की सोन्या त्याच्यासोबत खुशीत असतो. अ‍ॅजिलिटी हा खेळ त्या दोघांच्याच जोडीचा आहे. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये मधल्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं म्हणून घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून तो बसवला, आणि पुढे जगभर गेला. उड्या, बोगदा, टायर, उतरता-चढता लाकडी डोंगर, अरुंद फळीचा पूल, सीसॉ आणि ओळीत रोवलेल्या बारा काठ्या, ज्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं. काठ्यांत शिरताना पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी आली पाहिजे. पूल, डोंगर आणि सीसॉच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्यावर पाय न टेकवता उडी मारली की पाच दोष. उडीची आडवी काठी पाडली की पाच, अडथळ्यापाशी अडला की पाच, आणि तीनदा अडला की बाद. क्रम चुकला तरी बाद. अडथळे कोणत्या क्रमाने घ्यायचे हे त्याच दिवशी कळतं. धावण्याआधी स्पर्धकांना कुत्र्याशिवाय मैदानात फिरून वळणं पाठ करायला थोडा वेळ देतात. मग सुरुवात. हातात खाऊ नाही, खेळणं नाही, दोरी नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. आवाज, खांद्याची दिशा आणि पायांची दिशा, एवढंच त्या पोराजवळ असतं. नववीतल्या मुलाला हे फार छान जमतं, कारण तो कुत्र्याकडे पाहतो. आपल्यासारखे मोठे लोक प्रेक्षकांकडे पाहतात.

पण गच्चीवरचे अडथळे आजच खाली उतरवा, ताई. गच्चीच्या फरशीवर उडी मारून उतरताना पंजे घसरतात आणि तो सगळा मार खांद्यावर आणि मनगटावर येतो. मैदानावर गवत किंवा माती हवी. पाइप अशा आकड्यांवर टेकवा की नुसता पाय लागला तरी खाली पडेल, बांधलेला पाइप कधीच नको. उंची सोन्याच्या कोपरापेक्षा खाली. पहिले दोन महिने तर पाइप जमिनीवर नुसता आडवा ठेवला तरी पुरे, कारण शिकायची असते ती वळणं. उंची शेवटी आपोआप येते. दहा मिनिटं सराव झाला की थांबायचं, तो आणखी मागत असतानाच थांबायचं. आणि उंच उड्या सुरू करण्याआधी त्याच्या कमरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढून घ्या. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचं दुखणं घराण्यातून येतं आणि लहानपणी ते दिसतही नाही. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालचं. तिथे दाखवून विचारा.

सीसॉचं मात्र वेगळं आहे. त्यात भीती उंचीची नसते, आवाजाची असते. फळी पलटून जमिनीवर आपटते तो धप्प आवाज. गणपतीच्या ढोलताशात सोन्या कुठे होता, पलंगाखाली की गॅलरीत, हे आठवून मला कळवा. पलंगाखाली असेल तर सीसॉला सहा महिने लागतील, आणि त्यात काही बिघडत नाही. जाड सतरंजीची घडी जमिनीवर, त्यावर फळी, फळीखाली एक वीट. एवढ्यापासून सुरू करा.

स्पर्धेचं खरं सांगायचं तर आपल्याकडे शो पुष्कळ होतात, अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धा अगदी मोजक्या. मुलाला ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तो हिरमुसणार नाही. प्रवेश भरण्याआधी आयोजकांना फोन करून साहित्य कोणतं आहे, जमीन कसली आहे, सावली कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. आंतरराष्ट्रीय नियमात दीड वर्षाखालचा कुत्रा उतरवत नाहीत आणि खांद्यापाशी ४८ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच कुत्रा मोठ्या गटात येतो. सोन्या दोन्हींत बसतो.

आता प्रवास. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

गाडी लागणं हे बहुतेक वेळा अर्धं पोटाचं असतं, अर्धं मनाचं. सोन्याला आजवर गाडीतून कुठे नेलंत? डॉक्टरकडे आणि त्या शोला, असंच ना? मग गाडीचं दार उघडलं की त्याला पुढे काय होणार ते ठाऊक असतं. म्हणून पहिला आठवडा गाडी हलवायचीच नाही. संध्याकाळचं जेवण उभ्या गाडीत मागच्या सीटवर द्यायचं, दारं उघडी ठेवून. दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू करून जेवण. मग कॉलनीला एक चक्कर. मग फुटाळा तलावापर्यंत, उतरून मनसोक्त हुंगू द्यायचं, आणि परत. प्रत्येक वेळी फेरीच्या शेवटी काहीतरी चांगलं हवं. निघण्याआधी चार-पाच तास जेवण नको, पाणी थोडं थोडं चालेल. काचा दोन बोटं खाली ठेवा. एवढं करूनही उलटी थांबली नाही तर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, प्रवासाच्या साधारण दोन तास आधी देतात. ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यायचं असतं. आपल्या कपाटातली प्रवासाची गोळी त्याला देऊ नका.

गाडीत तो पिंजऱ्यातच बसला पाहिजे. घरच्यांना पिंजरा म्हटलं की शिक्षा वाटते, पण घरात रोज दार उघडं ठेवून त्यात अंथरूण घातलं तर महिनाभरात ती त्याची खोली होते. परगावच्या लॉजमध्येही तीच खोली त्याच्यासोबत जाते, आणि म्हणूनच तो तिथे झोपू शकतो. आत उभं राहता आलं पाहिजे, पूर्ण वळता आलं पाहिजे, पसरून झोपता आलं पाहिजे, एवढं माप. पट्ट्यांनी गाडीला घट्ट बांधा. समृद्धीवरून जाणार असाल तर रस्ता सुरेख आहे, पण तोच त्याचा धोकाही आहे. एकदा वेग धरला की थांबावंसं वाटत नाही. दर अडीच तासांनी थांबायचंच. उतरताना आधी दोरी, मग दार. हायवेवर हातून सुटलेल्या कुत्र्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, इथे सांगवत नाहीत.

रेल्वेने जायचं तर नियम पक्के आहेत. कुत्रा सोबत नेता येतो तो फक्त फर्स्ट एसीत, आणि तिथेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. कूपे मिळाला की नाही हे चार्ट तयार होतानाच कळतं, म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाला आधी अर्ज द्यावा लागतो. कुत्र्याचं तिकीट पार्सल ऑफिसात, साठ किलो सामानाच्या दराने. लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला जवळ हवा. मुंबईला जायचं असेल तर विदर्भ एक्स्प्रेसला फर्स्ट एसीचा डबा असतो. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर यांत परवानगी नाही. गार्डच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते, दर कमी आहे, पण रात्रभर अंधारात, खडखडाटात एकटं. सोन्यासारख्या घाबरणाऱ्या कुत्र्याला त्यात घालू नका, मी हात जोडून सांगते.

आणि ऊन. आपण नागपूरकर उन्हाला सरावलेले. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही आपण सोसला. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचं ऊन आपल्याला ऊन वाटतच नाही. माझी डॉबरमन होती, तारा. मार्च संपत आला होता. एका शोहून अमरावतीच्या रस्त्याने परतत होतो, दुपारचा एक वाजलेला, गाडीचा एसी पुढच्या सीटपुरता चालत होता. तळेगाव सोडलं तेव्हापासून ती धापा टाकत होती. मी आरशातून बघितलं आणि म्हणाले, आता काय, घर आलंच. कोंढाळीच्या आसपास मागे वळून पाहिलं तर जीभ टोकाला पळीसारखी रुंद झालेली, लाळ चिकट, लोंबणारी, हिरड्या विटेसारख्या लाल. दार उघडलं तर तिला उभं राहता येईना. ढाब्यामागे हापशी होती. एक पोरगा हापसत राहिला, मी पोटावर, जांघांत, पंजांवर पाणी ओतत राहिले, आणि ढाबेवाल्या दादांनी खोक्याचा पुठ्ठा फाडून तिला वारा घातला. वीस मिनिटांनी तिने मान उचलली. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हाही ताप १०४ होता. निरोगी कुत्र्याचा १०१ ते १०२.५ असतो. दोन रात्री सलाइन लागलं. तारा वाचली, पुढे सात वर्षं जगली, पण मी तिला पुन्हा रिंगणात नेलं नाही. तळेगावपासून कोंढाळीपर्यंत ती मला सांगत होती आणि मी घराचं अंतर मोजत होते. ते मला आजही विसरता येत नाही.

म्हणून सांगते, ताई. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ आणि धाप हाच त्याचा पंखा. धाप वाढली, लाळ घट्ट झाली की थांबायचं, तिथेच, त्याच क्षणी. आधी पाणी ओतून वारा घालायचा, मग डॉक्टर. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली ऊब कोंडते. उभ्या गाडीत पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवायचं नाही, झाडाखाली असली तरी. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावर त्याचे पंजेही ठेवायचे नाहीत. शोचा हंगाम आपल्याकडे हिवाळ्यात असतो तो याचसाठी. फेब्रुवारीच्या पुढचं आमंत्रण आलं तर सरळ नाही म्हणा.

परगावी जाताना घरचं पाणी निदान पहिल्या दिवसापुरतं न्या, आणि त्याचं रोजचंच जेवण. नवीन काहीही नको, कुणी प्रेमाने दिलं तरी. मैदानातल्या सामाईक बादलीत तोंड घालू देऊ नका. लसी, रेबीजची धरून, निघण्याच्या तीन आठवडे आधी झालेल्या हव्यात. परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली गोचीड शोधा. पुढचे दोन-तीन आठवडे तो मलूल झाला, ताप आला, नाकातून रक्त आलं तर ‘दमला असेल’ म्हणून थांबू नका. गोचीड तापाची रक्त तपासणी लगेच करा.

नसबंदीचं. नराची दोन्ही वृषणं असणं शोमध्ये बघतात हे वर आलंच आहे, म्हणजे नसबंदी झाली की जातीच्या रिंगणाचं दार बंद होतं. अ‍ॅजिलिटीला त्याने काही फरक पडत नाही. सोन्याची वाढ पूर्ण झालेली आहे, त्यामुळे हाडांच्या वाढीसाठी थांबायचं कारण आता उरलेलं नाही. माझं मत विचाराल तर या हिवाळ्यापर्यंत थांबा. तोवर हनुवटी हातावर ठेवायला तो शिकला आणि परगावी जेवला, तर मिस्टरांना त्यांची एक संधी मिळू द्या. नाही जमलं तर शोचा विषय संपवून डॉक्टरांचं ऐका. पिल्लं काढायची म्हणून थांबत असाल तर मात्र माझा ठाम नकार आहे. घाबरटपणा पिल्लांत उतरू शकतो आणि खुब्याचा एक्स-रे अजून झालेला नाही.

सासूबाईंना मी एक काम देणार आहे. तुम्ही सोन्याचं वजन लिहिलं नाहीत, पण सकाळी त्यांच्या हातची तूप लावलेली पोळी त्याला मिळत असणार, हे मी न बघता सांगते. लॅब्रॅडॉर कितीही खाल्लं तरी उपाशी असल्यासारखाच बघतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागतच नाही. ते बघणं खोटं नसतं, पण पोळी हा त्यावरचा उपाय नाही. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. नराला ३६ किलोच्या वर जाऊ देऊ नका. जास्तीचं प्रत्येक किलो उडीनंतर त्याच्या खांद्यावर उतरतं. तेव्हा त्याच्या वाटीचं माप सासूबाईंच्या ताब्यात द्या आणि खाऊ त्या मापातूनच काढायला सांगा. आणि परगावी जाल तेव्हा त्यांनाही घेऊन जा. सोन्या तिथे जेवला की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांचा. त्या म्हणाल्या परत चला, तर परत यायचं, मिस्टरांनीसुद्धा.

तुम्ही विचारलंत, छळतोय का. मागच्या हिवाळ्यात, हो, थोडं. न शिकवता त्याला त्या गोंगाटात उभं केलं आणि नंबर आला नाही म्हणून घर गप्प झालं. कुत्र्याला नंबर कळत नाही, पण घर गप्प झालेलं कळतं. त्या दोन दिवसांत तो मिस्टरांच्या पायाशी जाऊन बसत होता का, हे त्यांना विचारा. पण मुलासोबत पाइपावरून उडी मारून तो मागे वळून पोराच्या तोंडाकडे बघतो, तो छळ नाही.

आता असं करा. पुण्याचं बुकिंग अजून करू नका. फुटाळ्याच्या फेऱ्या नीट जमल्या की एखाद्या रविवारी रामटेक, पन्नासेक किलोमीटर. गडावर नको, गर्दी आणि माकडं फार. खिंडसी तलावाच्या काठी बसा, त्याचा पिंजरा सावलीत मांडा, डबा खा, परत या. ते जमलं की दिवाळीनंतर वर्ध्याला एक रात्र, कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे. संध्याकाळी सात वाजता रोजच्या वाटीत, रोजच्या मापाने जेवण ठेवा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जा. पंधरा मिनिटांनी फक्त सासूबाईंनी आत जाऊन वाटी बघायची. काय दिसलं ते मला लिहा. पुण्याचं आपण त्यानंतर बोलू.